शह म्हणा, चेक म्हणा

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

आमच्या घरी रोज संध्याकाळी बुद्धिबळाचा पट मांडला जातो. समोर माझी नात असते. ती नऊ वर्षांची आहे, क्लासला जाऊन शिकते. माझा राजा तिच्या उंटाच्या तडाख्यात आला की ती म्हणते, "आबा, चेक!" तिच्या राजावर माझा घोडा आला की मी म्हणतो, "शह." मला हा शब्द माझ्या वडिलांनी वाड्याच्या ओट्यावर शिकवला, तो तसाच तोंडात राहिला. एक दिवस तिनं विचारलं, "आबा, मराठीत शह आणि इंग्लिशमध्ये चेक, बरोबर ना?" मी हो म्हणालो आणि डाव पुढे चालू झाला.

पण ते "हो" चुकीचं होतं. म्हणजे पाण्याला इंग्रजीत वॉटर म्हणतात, त्या अर्थी ते बरोबर होतं. पण शह आणि चेक हे दोन भाषांमधले दोन शब्द नाहीत, तो एकच शब्द आहे. इराणातून तो दोन वाटांनी निघाला. एक वाट जवळची, ती आपल्याकडे आली. दुसरी अरबांच्या मुलखातून स्पेन, इटली, फ्रान्स करत इंग्लंडला पोचली आणि तिथून आगबोटीनं मुंबईला उतरली. आज आमच्या पटावर आजोबा एका वाटेनं आलेला शब्द बोलतात, नात दुसऱ्या वाटेनं आलेला. हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला. तोच आज तुमच्यासमोर मांडायचा आहे.

या शब्दाशी माझं नातं आणखी एका बाजूनं आहे. मी 34 वर्षं बँकेत नोकरी केली, त्यातली बरीचशी क्लिअरिंगच्या टेबलावर. रोज शेकड्यांनी चेक हाताखालून जात. चेकवरचा चेक आणि पटावरचा चेक यांचा काही संबंध असेल, असं तेव्हा चुकूनही मनात आलं नव्हतं.

तर सुरुवात पटापासून करू. हा खेळ आपला. नाव चतुरंग, म्हणजे सैन्याची चार अंगं: हत्ती, घोडा, रथ, पायदळ. सातव्या शतकात बाणभट्टानं हर्षाच्या राज्यातल्या शांततेचं वर्णन करताना म्हटलं आहे की चतुरंगाची रचना दिसे ती फक्त पटावर. आपल्याकडून खेळ इराणात गेला. पहिल्या खुस्रोच्या दरबारात, म्हणजे सहाव्या शतकात, हिंदुस्थानातून हा पट आला अशी तिकडची परंपरा सांगते. चतुरंगचं तिथं चत्रंग झालं, अरबांनी इराण जिंकल्यावर शतरंज झालं, आणि शतरंज होऊन तो शब्द परत आपल्याकडे आला. माहेराहून गेलेली मुलगी सासरचं नाव लावून भेटायला यावी तसा.

इराणी लोकांनी राजाच्या सोंगटीला त्यांचा राजावाचक शब्द दिला: शाह. आणि एक रीत घातली. समोरच्याच्या राजावर मारा आला की गप्प बसायचं नाही, मोठ्यानं सांगायचं, "शाह!" म्हणजे, राजा! तुमचा राजा धोक्यात आहे, बघा. ही रीत मला फार खानदानी वाटते. इतर सोंगट्या न सांगता मारल्या तरी चालतात, पण राजाला आधी हाक द्यायची. आजच्या स्पर्धांच्या नियमांत ही हाक सक्तीची नाही. ओट्यावरच्या डावात मात्र ती न देणारा माणूस माझ्या वडिलांना चालत नसे.

आता हा शाह मुळात कोण? प्राचीन फारसीत, म्हणजे इराणचा प्राचीन सम्राट दारयवहू (इंग्रजीत डरायस) याच्या शिलालेखांच्या भाषेत, राजाला 'ख्शायथिय' म्हणत. धातूचा अर्थ सत्ता चालवणं. झिजत झिजत त्याचा शाह झाला. हा धातू आपल्याला परका नाही. वेदांच्या भाषेत 'क्षयति' म्हणजे सत्ता चालवतो. त्याच कुळातला 'क्षत्र' म्हणजे सत्ता, आणि त्यावरून क्षत्रिय. तिकडचा 'ख्श' आणि इकडचा 'क्ष' कानाला लावून पाहा, सख्खी भावंडं आहेत ती. म्हणजे शह हा शब्द फारसीतून आपल्याकडे पाहुणा म्हणून आला खरा, पण त्याचे मूळपुरुष आणि आपले मूळपुरुष एकच.

या कुळातला आणखी एक शब्द महाराष्ट्राच्या मातीत दगडावर कोरलेला आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपान राजाच्या काळातले लेख आहेत. त्याची पदवी क्षत्रप. हाही मूळचा इराणी शब्द, राज्याचं रक्षण करणारा असा. या नहपानाला गौतमीपुत्र सातकर्णीनं हरवलं. 1906 साली नाशिकजवळ जोगलटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, 13,000 हून जास्त नाणी. त्यातल्या बहुतेक नाण्यांवर सातकर्णीनं स्वतःचा छाप पुन्हा मारलेला आहे. क्षत्रपाच्या नाण्यावर सातवाहनाचा ठसा, याहून मोठा शह मला इतिहासात दुसरा आठवत नाही.

बरं, आता पश्चिमेकडे जाऊ. अरबांबरोबर हा खेळ दहाव्या शतकाच्या सुमारास युरोपात रुजला. तिकडच्या लॅटिन लिहिणाऱ्यांना शाह शब्दातला श आणि शेवटचा ह दोन्ही अवघड. त्यांनी 'स्काकुस' केलं. श चा स्क, ह चा क. मग फ्रेंच जिभेनं पुढे एक स्वर जोडला. आपल्याकडे कुणी स्कूलला इस्कूल म्हणतं, स्टेशनला इस्टेशन म्हणतं, तेच तिथं घडलं. स्काकुसचं झालं 'एशेक'. इंग्रजांनी तो फ्रेंचांकडून घेतला आणि पुढचा ए टाकून दिला. राहिला चेक. याच शब्दाचं फ्रेंच अनेकवचन होतं 'एशे', त्यावरून इंग्रजीत त्या खेळाचंच नाव पडलं, चेस. म्हणजे चेस या शब्दाचा मूळ अर्थ 'अनेक शाह'. जर्मन लोक खेळाला शाख म्हणतात. रशियन म्हणतात शाखमाती, त्यात तर आपलं शहमात सरळ ऐकू येतं. गोव्यातल्या जुन्या पिढीला पोर्तुगीज 'शद्रेझ' ठाऊक असेल. तो थेट अरबी शतरंजपासून आलेला. पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ बुद्धिबळ तर आहेच, चौकड्यांचं कापड असाही आहे, आणि बोलीभाषेत तुरुंगसुद्धा. गजांच्या चौकटी आठवा म्हणजे लक्षात येईल.

शहमातमधल्या 'मात' या शब्दाचंही थोडक्यात सांगतो. शाह मात याचा अर्थ 'राजा मेला' असा बऱ्याच ठिकाणी दिलेला असतो, कारण अरबीत मात म्हणजे मेला. पण या खेळात राजा कधीच मारला जात नाही. म्हणून फारसीतला 'निरुपाय झालेला' हा अर्थ मला जास्त पटतो. मराठीनं तोच भाव उचलला. आपण संकटावर मात करतो. तिथं कुणी मरत नाही, संकटाला पुढची चाल उरत नाही. मित्राला म्हणतात तो इंग्रजी मेट मात्र वेगळा. तो जर्मन घराण्यातला, एकत्र जेवणारा असा त्याचा मूळ अर्थ.

आता या कथेचा गाभा. राजाला दिलेल्या हाकेतून इतके अर्थ निघाले कसे?

डावात शह बसला की काय होतं, ते नीट आठवून पाहा. तुम्ही मनात एक बेत रचलेला असतो. चार चाली पुढच्या ठरवलेल्या असतात. समोरून शह येतो आणि सगळं जागच्या जागी थांबतं. आता दुसरं काही करता येत नाही. आधी राजा सांभाळायचा. ही जी गचकन थांबण्याची अवस्था आहे, तीच चौदाव्या शतकात इंग्रजांनी पटावरून उचलली आणि जगाला लावली. चेक म्हणजे अडवणं, रोखणं, लगाम घालणं. 'तपासणं' हा अर्थ तेव्हा नव्हता. तो फार नंतरचा.

हा जुना अर्थ आपल्याकडे कुणाच्या तोंडी जिवंत आहे सांगू? शेतकऱ्याच्या आणि फिटरच्या. चेकडॅम हा शब्द आज महाराष्ट्रातल्या कोणत्याही खेड्यात कळतो. पावसाळ्यात नाल्याचं पाणी धावत सुटतं, माती घेऊन जातं. आडवा लहानसा बांध घातला की त्याचा जोर मोडतो, पाणी थबकतं, मुरतं, विहिरींना उतरतं. राळेगणसिद्धीला, हिवरे बाजारला हे काम ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना चेक या शब्दाचा अर्थ शब्दकोशात पाहायची गरज नाही. पाणी अडवा, पाणी जिरवा. त्यातलं 'अडवा' म्हणजे चेक. चेकडॅम पाण्याला शह देतो, असं म्हटलं तर ते मला उपमा वाटत नाही, शब्दशः खरं वाटतं.

आणि फिटरचं चेकनट. मुख्य नट हादऱ्यांनी ढिला होऊ नये म्हणून त्याच्या पाठीवर दुसरा नट आवळतात, तो चेकनट. तो काही तपासत नाही, धरून ठेवतो. क्रिकेटचं समालोचन ऐकताना चेक्ड ड्राइव्ह ऐकला असेल. फलंदाजानं बॅट पूर्ण फिरवली नाही, चेंडूला लागताक्षणी हात रोखला. तोही हाच अर्थ.

मग रोखण्यापासून तपासण्यापर्यंत शब्द आला कसा? तर लबाडी रोखण्यातून. एखाद्यानं खोटा आकडा लिहू नये, म्हणून त्याच्यावर लगाम हवा. हा लगाम म्हणजे त्याच्या आकड्याशी दुसरा आकडा ताडून पाहणं. रोखण्यासाठी ताडून पाहायचं. हळूहळू रोखणं मागे पडलं आणि ताडून पाहणं तेवढं उरलं. हे सतराव्या शतकात झालं. पुढे तोच अर्थ इतका फोफावला की आज बहुतेकांना चेक म्हणजे तपासणी एवढंच माहीत असतं. एसटीत चेकर चढतो, डॉक्टर चेकअप करतात, आई मुलाचं दप्तर चेक करते.

बँकेत आमच्याकडे मेकर आणि चेकर अशी जोडी असते. एकानं नोंद करायची, दुसऱ्यानं ती पाहून मंजूर करायची. एकाच माणसाला दोन्ही करता येत नाही. माझ्या शेवटच्या काही वर्षांत मी चेकर होतो. कामाच्या रगाड्यात कधी वाटायचं, ही नुसती टिकमार्क करायची नोकरी आहे. आता शब्दाचा इतिहास कळल्यावर मला ती खुर्ची वेगळी दिसते. चेकरनं बटण दाबेपर्यंत व्यवहार थांबलेला असतो. तो थांबलेला क्षण म्हणजेच शह.

चेकनाका या शब्दात तर दोन्ही अर्थ नांदतात. आडवा दांडा टाकून गाडी रोखतात आणि मग तपासतात. मुलुंडच्या चेकनाक्यावर पूर्वी जकातीसाठी ट्रकच्या रांगा लागत. 2017 साली जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, पण रिक्षावाल्याला आजही "चेकनाका" एवढंच सांगितलं तरी पुरतं.

इथपर्यंत आपण राजाच्या मागे चाललो. आता पटाच्या मागे जाऊ. कारण या शब्दाची दुसरी शाखा राजाच्या सोंगटीतून फुटलेली नाही, तिच्याखालच्या पटातून फुटली आहे.

फ्रेंचांनी एशेक ज्यावर खेळतात त्या पटाला एक वेगळं नाव दिलं, त्याचं इंग्रजीत झालं चेकर. पटावर चौकोन, म्हणून चौकोन असलेलं सगळंच चेकर. त्याचं आखूड रूप चेक. आपल्या कापडबाजारात चेक्सचा शर्ट मागतात तो हा. चौकड्याचं लुगडं आपल्याकडे होतंच. त्यासाठी आपल्याला इंग्रजांची वाट पाहावी लागली नाही.

पण पटातून निघालेली खरी मोठी गोष्ट म्हणजे इंग्लंडच्या राजाचा खजिना. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला, पहिल्या हेन्रीच्या काळात, तिथं सरकारी हिशेब घ्यायची एक कचेरी उभी राहिली. तिच्यात मधोमध एक मोठं टेबल असे. साधारण 10 फूट लांब, 5 फूट रुंद, वर ठेवलेलं काही खाली पडू नये म्हणून कडेला चार बोटं उंचीचा काठ. त्यावर काळं कापड अंथरायचं आणि कापडावर रेषा आखलेल्या. एका रकान्यात पेन्स, पुढच्यात शिलिंग, मग पौंड, मग विसा, मग शेकडे, मग हजार. आकडे तेव्हा रोमन. त्यांत शून्य नाही, स्थानमूल्य नाही. आपले अंक तिथल्या कचेरीत पोचायला अजून खूप अवकाश होता. रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी करून पाहा म्हणजे अडचण कळेल. म्हणून कागदावर हिशेब करायचा नाही, रकान्यांत सोंगट्यांसारख्या चकत्या मांडायच्या. कापडावरची जागाच स्थानमूल्य देत असे.

ईस्टरला आणि सप्टेंबरअखेरीच्या मायकेलमस सणाला, वर्षातून दोनदा, जिल्ह्याजिल्ह्याचे शेरीफ वसुली घेऊन येत. टेबलाच्या एका बाजूला राजाची माणसं, समोर शेरीफ. एकीकडे येणं मांडलं जाई, दुसरीकडे भरणा. पहिल्या हेन्रीच्या नातवाच्या काळात रिचर्ड फिट्झनील हा राजाचा खजिनदार होता. त्यानं या कचेरीचं सगळं कामकाज गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात लिहून ठेवलं आहे. शिष्य विचारतो, या कचेरीला पटाचं नाव का? गुरू सांगतो, एक तर टेबल पटासारखं दिसतं, आणि दुसरं म्हणजे इथंही लढाई होते. खजिनदार एका बाजूला, शेरीफ दुसऱ्या, आणि बाकीचे न्याय द्यायला बसलेले. हे वाचताना मला 800 वर्षांपूर्वीचा तो कारकून ओळखीचा वाटला. ऑडिटच्या टेबलावर समोरासमोर बसलेली माणसं मी आयुष्यभर पाहिली आहेत.

त्या कचेरीचं नाव एक्सचेकर. इंग्लंडचा अर्थमंत्री आजही चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर म्हणवतो. त्या देशाच्या अर्थसंकल्पाच्या कपाळावर इराणच्या शाहाचं नाव आहे, आणि खाली आपल्या चतुरंगाचा पट.

शेरीफानं भरणा केला की त्याला पावती मिळे ती लाकडाची. हेझलच्या झाडाची काठी घ्यायची, तिच्यावर रकमेच्या खाचा पाडायच्या. हजार पौंडांची खाच तळहाताच्या जाडीची, शंभराची अंगठ्याच्या, विसाची करंगळीच्या, एका पौंडाची सातूच्या भरलेल्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरायची. दोन्ही भागांवर त्याच खाचा. एक भाग पैसे देणाऱ्याला, दुसरा खजिन्यात. पुढे वाद झाला तर दोन्ही भाग जुळवून पाहायचे. खोटी खाच पाडली तर ती समोरच्या भागावर नसणार, लगेच उघडं पडणार. या काठीला टॅली म्हणत. हिशेब टॅली होतो हा शब्द तिथला, आणि आज आपली कॉमर्सची मुलं ज्या सॉफ्टवेअरवर खाती लिहितात त्याचं नावही तेच. देणाऱ्याकडच्या भागाला स्टॉक म्हणत, खजिन्यातल्या भागाला फॉईल. हा फॉईल शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या काठ्या 1826 पर्यंत चालल्या. नंतर त्यांचा ढीग वेस्टमिन्स्टरला पडून होता. 16 ऑक्टोबर 1834 रोजी त्या उमरावांच्या सभागृहाखालच्या भट्ट्यांत जाळायला घेतल्या. दिवसभर काठ्या ढकलत राहिले. धुराडी तापली, संध्याकाळी आग वर पोचली आणि पार्लमेंटची दोन्ही सभागृहं जळून गेली. लंडनला आज उभी दिसते ती इमारत त्या आगीनंतरची.

आता बँकेतला चेक. सतराव्या शतकात लंडनचे सावकार लोकांच्या ठेवी सांभाळू लागले. ठेवीदार चिठ्ठी लिहून देई, की अमक्याला इतके पैसे द्या. त्या चिठ्ठीला तेव्हा चेक म्हणत नसत. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला छापील चिठ्ठ्या आल्या. डाव्या बाजूला एक तुकडा, उजव्या बाजूला चिठ्ठी, मध्ये नक्षी, आणि त्या नक्षीतूनच कापायचं. चिठ्ठीत कुणी खाडाखोड केली, आकडा वाढवला, तर मागे राहिलेल्या तुकड्याशी ताडून लबाडी पकडता येई. लबाडी रोखणारा म्हणून त्या मागे राहिलेल्या तुकड्याला नाव पडलं चेक. नीट ऐका: चेक हे नाव आधी त्या स्थळप्रतीचं होतं, जिला आपण काउंटरफॉईल म्हणतो. आणि फॉईल म्हणजे चिरलेल्या काठीचा खजिन्यातला भाग. लाकूड गेलं, कागद आला, युक्ती तीच राहिली. पुढे नाव मागच्या तुकड्यावरून सरकून चिठ्ठीलाच चिकटलं.

स्पेलिंगमधला क्यू त्याहून नंतरचा. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात एक्सचेकर डोळ्यांसमोर ठेवून बँकेच्या चेकला वेगळं स्पेलिंग रूढ केलं. अमेरिकेनं ते घेतलं नाही, तिथं सगळं एकच. आपल्या देवनागरीनंही न ठरवता तेच केलं. चेक्सचा शर्ट, चेकची पावती, चेकअप, चेकडॅम, सगळ्यांचा चेक एकसारखाच लिहितो आपण. कुटुंब पुन्हा एका पंक्तीला बसलं.

आपल्याकडे चेकचा कायदा 1881 चा. पण त्याच्या कितीतरी आधी इथं हुंडी होती. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे, मुदती हुंडीचे मुदत संपल्यावर. चेक आला तेव्हा मराठी माणसानं त्याला हुंडीच्याच रुळावर चालवलं. हुंडी वटत असे, म्हणून चेकही वटतो. यात मला आपल्या भाषेची ताकद दिसते. नाम परक्याकडून घेतलं, क्रियापद घरचं लावलं. वर्तमानपत्रं 'न वटलेला धनादेश' लिहितात. व्यापारी नुसतं "एकशे अडतीस टाकू का?" विचारतात. 1881 च्या कायद्यात 1988 साली घातलेलं ते कलम, 1 एप्रिल 1989 पासून लागू. न वटलेल्या चेकबद्दल तेव्हापासून तुरुंगवासही होऊ शकतो. मी त्या काळात काउंटरवर होतो. खात्यात शिल्लक आहे का हे चेक लिहिण्याआधी विचारायला येणारी माणसं त्यानंतर वाढलेली मी पाहिली. ज्या काउंटरमागे बसून हे पाहिलं, तोही शब्द त्याच जुन्या कचेऱ्यांतल्या हिशेबाच्या टेबलाचा. काउंटर म्हणजे मोजण्याची जागा.

बाकीचे अर्थ भराभर. अमेरिकेत हॉटेलात बिल मागताना चेक मागतात. आपण जिला बरोबरची खूण म्हणतो तिला तिथं चेक म्हणतात. चेक प्रजासत्ताक या देशाशी याचा काहीही संबंध नाही. ते एका स्लाव लोकसमूहाचं नाव आहे.

एक अर्थ मात्र भराभर सांगून चालणार नाही. 1787 साली अमेरिकेनं राज्यघटना लिहिली. कायदे करणारे, राबवणारे आणि न्याय देणारे यांनी एकमेकांना अडवू शकावं, अशी तिची रचना आहे. तिला तेव्हापासून चेक्स अँड बॅलन्सेस म्हणतात. मराठीत आपण नियंत्रण आणि संतुलन लिहितो. ते बरोबरच आहे, पण शह म्हटलं असतं तर मला अधिक आवडलं असतं. सत्तेला शह. कारण आपण ज्या व्यवस्थेत राहतो तिचं आपल्या भाषेतलं नाव काय? लोकशाही. हिंदी लोकतंत्र म्हणते, प्रजातंत्र म्हणते. मराठीनं शाही निवडली. आदिलशाही, निजामशाही, कुतुबशाही पाहिलेला, मग शिवशाही उभी केलेला हा प्रदेश. त्यानं राजाच्या नावापासून झालेला तोच प्रत्यय घेतला आणि लोकांना जोडला. इराणचा शाह एका बाजूनं आपल्या लोकशाहीत आला, दुसऱ्या बाजूनं त्या सत्तेला अडवणाऱ्या चेकमध्ये. सत्ता हाही तोच शब्द, आणि सत्तेला दिलेली 'सावध!' ही हाकही तोच शब्द. मी कित्येक दिवस हे मनात घोळवत होतो.

भाषण इथं संपलं. नंतर श्रोत्यांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी तीन इथं देतो.

एका गृहस्थांनी विचारलं, आमच्या पेठेतले शहा आडनावाचे व्यापारी याच कुळातले का? नाही. ते संस्कृत साधूपासून साहू, साह, शाह असं आलेलं नाव आहे. सचोटीचा सावकार असा त्याचा अर्थ. हुंडीतही एक शहाजोग हुंडी असे. ती प्रतिष्ठित व्यापाऱ्याच्या हातीच वटायची. तिथला शहा हा साहू, इराणचा बादशहा नव्हे. दोन नद्या वेगळ्या डोंगरांतून निघून एकाच पात्रात आल्या आहेत.

दुसरा प्रश्न दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीचा होता. ती म्हणाली, "मग शहाणा पण शहापासूनच असेल ना?" प्रश्न फार आवडला, कारण कान योग्य ठिकाणी लागला होता. पण तोही वेगळा. संस्कृत सज्ञान, हिंदीत सयाना, मराठीत शहाणा.

ती बसली, आणि तिच्या शेजारच्या मुलानं बसल्या बसल्याच विचारलं, "आणि शहर?"

शहर मात्र हो. प्राचीन फारसीत राज्याला जो शब्द होता, आपल्या क्षत्र शब्दाचा सख्खा भाऊ, त्याचंच पुढे शहर झालं. आधी त्याचा अर्थ अख्खा मुलूख होता, पुढे आकसून नगर झाला. त्या मुलाला मी सांगितलं, पुढच्या वेळी ठाण्याहून मुंबईत शिरशील तेव्हा चेकनाक्याची पाटी बघ. शहराच्या वेशीवर चेक उभा आहे, आणि दोघं एकाच घरचे.